नवीन लॉन अंथरताना आणि जपताना: सातारा-सांगलीकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून तयार लॉनबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. विचारणारा बहुतेक वेळा गवताबद्दल विचारतो आणि उत्तर मातीत सापडतं, म्हणून मातीवर जास्त लिहिलं आहे. जे एका उत्तरात आलंय ते दुसऱ्यात पुन्हा न लिहिता तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. तयार लॉन म्हणजे नक्की काय? त्यापेक्षा हरळीचे ठोंब लावणं स्वस्त नाही का पडत?

शेतात वाढवलेलं गवत मुळं आणि खालच्या पातळ मातीसकट कापून तुकड्यांत आणतात आणि चौरस फुटाच्या भावाने विकतात. नर्सरीत त्याला कार्पेट लॉन म्हणतात. ठोंब नक्कीच स्वस्त पडतात. तीन-चार इंचांवर एकेक ठोंब टोचला, तण काढत राहिलं आणि पाणी वेळेवर दिलं, तर अडीच-तीन महिन्यांत जमीन झाकते. घाई नसेल आणि घरात खुरपं धरणारं माणूस असेल, तर आमचं मत ठोंबांच्याच बाजूने आहे. उताराची जागा, माती वाहून जाण्याची भीती किंवा तोंडावर आलेली वास्तुशांत असेल तर तयार लॉन घ्या. जमिनीची तयारी मात्र दोन्हीला तेवढीच लागते.

२. नर्सरीवाले तीन-चार नावं सांगतात. आम्ही कोणतं गवत घ्यावं?

आधी ऊन मोजा. सकाळी, दुपारी आणि चारच्या सुमाराला अंगणात जाऊन कुठे सावली पडते ते बघा. सहा तासांच्या वर कडक ऊन असेल तर हरळीच्या कुळातलं गवत घ्या. सिलेक्शन वन, बर्म्युडा या नावांनी विकतात ते हेच. ते लवकर पसरतं, तुडवलं तरी भरून येतं आणि पाण्याचा ताण सोसतं. ऊन चार-पाच तास असेल तर मेक्सिकन किंवा कोरियन, म्हणजे झोयशिया कुळातलं, चालेल. ते दाट आणि मऊ दिसतं, पण वाढ सावकाश, त्यामुळे एकदा खड्डा पडला की भरायला महिने जातात. सावलीला रुंद पानाचं शेड ग्रास असतं, त्याला पाणी जास्त लागतं.

मुलं क्रिकेट खेळणार असतील तर मेक्सिकन घेऊ नका.

३. लॉन कधी लावावं?

सांगली, मिरज, तासगाव, कराड या बाजूला मृगाचा पाऊस पडून जमीन खोलवर भिजली की लावावं, किंवा मग सप्टेंबरात. सातारा शहर, वाई, जावळी, पाटण इथे जुलैचा पाऊस नुकतीच पसरलेली माती धुऊन नेतो, म्हणून तिथे पाऊस ओसरल्यावरचा काळ बरा. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत ही गवतं जवळजवळ वाढतच नाहीत. अंथरता येतं, पण मूळ धरायला दुप्पट वेळ जातो. एप्रिल-मे टाळाच. घाट ओलांडून महाबळेश्वर-पाचगणीला राहत असाल तर प्रश्न १८ पाहा.

४. आमची काळी जमीन आहे. माती कशी तयार करायची?

सांगलीच्या विश्रामबागेपासून कराडच्या मळ्यांपर्यंत सगळ्यांचा हाच प्रश्न असतो. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि पाणी धरून ठेवते. तिच्यावर थेट गवत अंथरलं की उन्हाळ्यात तुकड्यांचे सांधे उकलतात आणि पावसाळ्यात मुळं कुजतात.

नवीन बंगला असेल तर सगळ्यांत आधी राडारोडा काढा. कंपाउंडच्या आतली वरची सहा-आठ इंच माती अनेकदा माती नसतेच. सिमेंटचे गोळे, प्लास्टरचे तुकडे, फरशीच्या कपच्या असं सगळं त्यात असतं. सिमेंटच्या चुन्यामुळे पुढे नेमके तिथेच पिवळे ठिपके उठतात. ठेकेदार वर तांबडी माती पसरून जागा छान दाखवतो, म्हणून तुम्ही स्वतः दोन-तीन ठिकाणी पहारीने उकरून बघा.

मग काळी जमीन खणून ढेकळं फोडा. वर टाकायचं मिश्रण साधारण असं करतात: दोन भाग पोयटा किंवा तांबडी माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग वाळू किंवा धुतलेली क्रश सँड. या मिश्रणाचा पहिला दोन इंचांचा थर खालच्या काळ्या मातीत कुदळीने मिसळून घ्या आणि उरलेला वर पसरा. ही पायरी बहुतेक जण गाळतात. गुळगुळीत काळ्या जमिनीवर तांबडी माती नुसती ओतली की दोन थर वेगळेच राहतात, पाणी त्यांच्या मधे साचतं आणि मुळं तिथूनच आडवी वळतात. सहा महिन्यांनी लॉन का बिघडलं, याचं कारण पुष्कळदा हे असतं.

शेणखत हातात घेऊन चुरा. भुसभुशीत, वास नसलेलं हवं. कच्च्या शेणखतातून तणाचं बी तर येतंच, हुमणीच्या अळ्याही येतात.

उतार जोत्यापासून बाहेरच्या दिशेला, दहा फुटांना दीड-दोन इंच. मातीची पातळी बाजूच्या फरशीपेक्षा इंचभर खाली ठेवा, म्हणजे गवत आल्यावर बरोबरी होईल. शेवटी भरपूर पाणी मारून आठवडाभर माती बसू द्या, खड्डे भरा, रोलर फिरवा.

माती आणि पाणी तपासून घ्यायचं असेल तर सातारा जिल्ह्यात बोरगाव आणि कालवडे, सांगलीत कांचनपूर इथल्या कृषी विज्ञान केंद्रांकडे चौकशी करा. हजारो रुपयांचं गवत घेण्याआधी हा खर्च किरकोळ आहे.

५. किती माती मागवायची? ब्रासचा हिशेब जमत नाही.

एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. लांबी गुणिले रुंदी फुटांत घ्या, थराची जाडी इंचांत घेऊन १२ ने भागा आणि गुणा. ६०० चौरस फुटांवर ४ इंचांचा थर म्हणजे २०० घनफूट, २ ब्रास. माती दबते, म्हणून थोडी जास्त मागवा. गवत मोजलेल्या जागेपेक्षा पाच टक्के जास्त घ्या. वाफे, झाडांची आळी, वळणाच्या कडा असतील तर दहा टक्के.

६. जमिनीत लव्हाळा आहे. गवताखाली दबून मरेल का?

नाही. त्याच्या गाठी खोल असतात आणि कोंभ तयार लॉन फोडून वर येतो. खणताना गाठी हाताने वेचा, मग जमिनीला पाणी देऊन दोन आठवडे तशीच ठेवा, उगवेल तो गाठीसकट काढा आणि हे पुन्हा एकदा करा. लॉन टाकल्यावर लव्हाळा दिसला तर जमीन ओली असताना खुरप्याच्या टोकाने गाठ काढा. नुसतं वरून उपटलं की तो पुन्हा येतो.

रुंद पानाच्या तणांवर काही जण २,४-डी मारतात. तासगाव, पलूस, मिरजेकडे शेजारी द्राक्षबाग असेल तर ते अजिबात मारू नका. द्राक्षवेल या औषधाला अतिशय नाजूक असते. वाऱ्यावर गेलेल्या फवाऱ्यानेही पानं वेडीवाकडी होतात आणि शेजाऱ्याचं वर्षाचं पीक धोक्यात येतं.

७. टेम्पो आला, पण माणसं आली नाहीत. गवत किती वेळ टिकेल?

त्याच दिवशी लावायचं, हाच नियम. उन्हाळ्यात तर काही तासांतच. रचलेल्या गठ्ठ्यात हात घालून बघा, आत गरम लागत असेल तर गवत शिजायला लागलंय. रात्र काढावीच लागली तर गठ्ठे सोडा, सावलीत सुटे मांडा, हलकं पाणी शिंपडा आणि ओलं गोणपाट टाका. प्लॅस्टिकने झाकू नका. उतरवून घेतानाच दोन-चार तुकडे उचलून पाहा. मधेच तुटतात, मुळं काळी आहेत, कुबट वास येतो, असं असेल तर तो माल परत करा.

८. अंथरायची बरोबर पद्धत कोणती?

जमीन ओलसर हवी, चिखल नको. सरळ कडेला, म्हणजे फरशीच्या किंवा भिंतीच्या रेषेत, पहिली ओळ लावा. दुसऱ्या ओळीचे सांधे विटांच्या बांधकामासारखे चुकवा. तुकडे एकमेकांना घट्ट भिडवा, पण ताणू नका, कारण ताणलेला तुकडा सुकताना आखडतो आणि फट पडते. तुकड्याखाली प्लॅस्टिकचा कागद असेल तर तो काढा. हे सांगावं लागतं, कारण कागदासकट अंथरलेली लॉन पाहिली आहेत. लहान कापलेले तुकडे कडेला लावू नका, कडा आधी सुकतात. पूर्ण तुकडे कडेला आणि लहान मधे. उतारावर बांबूच्या खुंट्या ठोका, मूळ धरलं की काढा.

फळीवर उभं राहून काम करा. शेवटी हलका रोलर फिरवा, म्हणजे मुळं आणि माती यांच्यातली हवा निघेल. सांध्यांत बारीक माती भरा आणि लगेच पाणी द्या. पहिलं पाणी इतकं, की कोपरा उचलला तर खालची चार इंच माती ओली दिसली पाहिजे.

९. पाणी किती आणि कधी?

पहिले दहा-बारा दिवस तुकड्याखालची माती सुकता कामा नये. कडक उन्हात दिवसातून दोन-तीनदा थोडं थोडं, हिवाळ्यात एकदा, पावसाळ्यात उघडीप असेल तरच. उन्हाळ्यात १०० चौरस फुटांना दिवसाला ५० ते ६० लिटर धरा. फरशीला लागून असलेल्या कडा तापतात, तिथे पाइप जरा जास्त वेळ धरा.

मूळ धरल्यावर पद्धत उलटी करायची: पाणी लांबणीवर टाकायचं, पण दिलं की भरपूर द्यायचं. रोज वरवर शिंपडलं की मुळं वरच राहतात आणि चार दिवस घर बंद असलं की लॉन करपतं. जम बसलेल्या लॉनला कोरड्या दिवसांत आठवड्याला सुमारे २५ मिलिमीटर पाणी पुरतं. म्हणजे १०० चौरस फुटांना २३० लिटर, ५०० चौरस फुटांना ११५० लिटर, हजार लिटरच्या टाकीपेक्षा थोडं जास्त. लॉन मोठं करण्याआधी हा आकडा घरात सगळ्यांना सांगा. स्प्रिंकलर किती वेळ चालवायचा हे कळायला सरळ काठाचा डबा लॉनवर ठेवा आणि त्यात साचलेलं पाणी पट्टीने मोजा.

वेळ सकाळची. नळाला पाणी संध्याकाळी येत असेल तर टाकीत भरून सकाळी द्या. रात्रभर ओलं राहिलेलं गवत बुरशीला बळी पडतं, त्यासाठी प्रश्न १४.

१०. मूळ धरलं हे कसं ओळखायचं?

दोन आठवड्यांनी तुकड्याचा कोपरा चिमटीत धरून हलकेच वर ओढा. जमीन सोडत नसेल तर मूळ धरलं. तोवर लॉनवर चालायचं नाही. कुत्र्यानेसुद्धा नाही.

११. पहिली कापणी कधी? ब्रश कटर चालेल का?

मूळ धरल्यावर आणि गवत दोन इंचांच्या वर गेल्यावर, साधारण तिसऱ्या आठवड्यात. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका. सिलेक्शन वन एक ते दीड इंचावर ठेवा, शेड ग्रास दोन-अडीच इंचांवर. पहिल्या दोन-तीन कापण्यांना ब्रश कटर नको. त्याची नायलॉन दोरी गवत फाडते आणि तुकडे उचकटते. धारदार पात्याचं ढकलायचं मशिन उत्तम. कापणीच्या आदल्या दिवशी पाणी बंद.

१२. खत कोणतं द्यायचं? युरिया लगेच दिला तर?

करपेल. मिश्रणात शेणखत आहे, महिनाभर दुसरं काही लागत नाही. माती तयार करताना थोडं सिंगल सुपर फॉस्फेट मिसळलं तर मुळांना मदत होते. महिन्यानंतर १०० चौरस फुटांना १०० ग्रॅम युरिया वाळूत मिसळून सारखा फेका आणि लगेच पाणी द्या. गवत कोरडं असताना फेका, ओल्या पानावर दाणा चिकटला की डाग पडतो. वाढीच्या दिवसांत दीड-दोन महिन्यांनी एकदा पुरे. थंडीत नको. चाळलेलं शेणखत वर्षातून एकदा, पावसाच्या तोंडाला पातळ पसरा.

१३. पाणी आहे, खत आहे, तरी लॉन पिवळं का?

कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर बहुधा लोह कमी पडतंय. चुनखडीच्या काळ्या जमिनीत लोह असतं, पण मुळांना मिळत नाही. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, ५ ग्रॅम एका लिटर पाण्यात विरघळवून सकाळी फवारा. काही दिवसांत फरक दिसतो. फरशीवर उडू देऊ नका, तांबडे डाग जात नाहीत. जुनी, खालची पानं पिवळी असतील तर नत्राची कमतरता धरा आणि प्रश्न १२ पाहा. नुसते ठरावीक ठिपके पिवळे असतील तर खाली सिमेंट आहे का, ते उकरून बघा.

१४. पावसाळ्यात गोल तपकिरी चट्टे पडलेत आणि भूछत्रं उगवलीत.

भूछत्रांना घाबरू नका. मातीतला लाकडाचा तुकडा कुजतोय, एवढाच त्याचा अर्थ. झाडून काढा, मुलांना हात लावू देऊ नका. गोल चट्टे मात्र बुरशीचे असू शकतात. संध्याकाळचं पाणी आणि युरिया थांबवा, साचणारं पाणी काढून द्या, चट्ट्यावरची कापलेली पात उचला. सूर्य दिसला की पुष्कळदा एवढ्यावरच भरून येतं. औषध त्यानंतर, आणि तेही कृषी सेवा केंद्रात नमुना दाखवून.

१५. गवत चटईसारखं हातात उचललं जातंय, साळुंक्या सारख्या टोचतायत. काय झालं?

हुमणी. ऊस पट्ट्यात राहणाऱ्यांना ओळख करून द्यायला नको. इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली पांढरी अळी, तोंड तपकिरी, काम मुळं खाण्याचं. गवत महिनोन्‌महिने आधी लागलेलं असेल आणि तरी सुटं झालं असेल तर संशय हुमणीचाच. नुकतंच अंथरलेलं सुटं असेल तर त्याला मूळच नाही, प्रश्न १० पाहा.

मे-जूनच्या वळवानंतर भुंगेरे जमिनीतून निघतात आणि रात्री कडुनिंब, बाभूळ, बोर यांच्यावर जमतात. फांद्या हलवून खाली पडलेले भुंगेरे रॉकेलमिश्रित पाण्यात टाका. हुमणीची वर्षाला एकच पिढी असते, म्हणून त्या दोन-तीन आठवड्यांतली मेहनत वर्षभर उपयोगी पडते. जून-जुलैत अळ्या लहान असताना मेटारायझियम ही उपयुक्त बुरशी ओल्या मातीत शेणखताबरोबर द्या. एखाद-दुसरी अळी सापडली तर काही करायची गरज नाही, ती साळुंक्या बघून घेतील.

१६. बोअरचं पाणी खारट आहे, जमीनही क्षारपड. लॉन होईल का?

कृष्णाकाठच्या वाळवा, पलूस, मिरज भागात वर्षानुवर्षांच्या जादा पाण्याने बऱ्याच जमिनी क्षारपड झाल्यात. हरळीचं कुळ क्षार बऱ्यापैकी सोसतं, शेड ग्रास सोसत नाही. निचरा केल्याशिवाय काही टाकू नका: बाजूने चर, वरची माती उंच. जमीन चोपण, म्हणजे सोडियम जास्त असलेली, निघाली तर जिप्सम लागतं, पण किती ते माती परीक्षणाच्या अहवालावरूनच ठरतं. पावसाचं छतावरचं पाणी साठवून अधूनमधून एकदा भरपूर दिलं तर क्षार खाली धुऊन जातात.

१७. आंब्याखाली किती वेळा लावलं, दर वेळी जातं.

जाणारच. सावली, पानगळ आणि मुळांची ओढाताण तिथे कायम असते. खोडाभोवती पानांचं आच्छादन ठेवा, लॉन फांद्यांच्या सावलीबाहेर थांबवा. आंबाही त्यात खूश राहतो.

१८. महाबळेश्वरला घर आहे. तिथे हेच सगळं लागू?

नाही. तिथे चार महिने पाऊस आणि धुकं, ऊन जवळजवळ नाही. माती जांभ्याची, आम्लधर्मी. लॉन सप्टेंबरच्या शेवटी ते ऑक्टोबरात टाका, म्हणजे पुढच्या पावसाआधी मुळं खोल जातील. उतार प्रश्न ४ पेक्षा जास्त द्या. परीक्षणात आम्लता जास्त आली तर शेतीचा चुना मिसळा. हिराकशीची गरज सहसा नाही. हिवाळ्यात वेण्णा तलावाच्या बाजूला दव गोठतं, तेव्हा पांढऱ्या झालेल्या गवतावर चालू नका, पाती मोडतात आणि पाऊलखुणा काळ्या पडतात.

१९. मुलीचं लग्न दारातच करायचंय. मांडव नवीन लॉनवर घातला तर?

किमान दोन महिने झालेले हवेत. आधी दोन दिवस पाणी बंद ठेवा, कारण ओल्या मातीवर शेकडो पावलं पडली की ती दगड होते. जाजम त्याच दिवशी अंथरा आणि रात्रीच उचला. आचाऱ्याची चूल, भांडी धुण्याची जागा, उरलेलं ताक-रस्सा ओतणं, सगळं लॉनच्या बाहेर. मिठाचं आणि तेलाचं पाणी जिथे पडतं तिथे गवत मरतंच. डांब पुरणाऱ्याला पाण्याचे पाइप कुठून गेलेत ते आधी दाखवा. कार्य झालं की काटेरी फावड्याने भोकं पाडा, भरपूर पाणी द्या आणि आठवडाभर मोकळं सोडा.

२०. गच्चीवर चार इंच माती टाकून लॉन करायचंय.

चार इंच ओल्या मातीचं वजन चौरस फुटाला सुमारे १५ किलो. २०० चौरस फुटांचे ३ टन. स्लॅबची ताकद स्ट्रक्चरल इंजिनिअरने लिहून दिल्याशिवाय आणि वॉटरप्रूफिंग झाल्याशिवाय करू नका.

२१. या लॉनमधल्या दूर्वा गणपतीला वाहता येतील का?

गवत हरळीच्या कुळातलं असेल आणि त्यावर औषध फवारलेलं नसेल तर हरकत दिसत नाही. मेक्सिकन, कोरियन म्हणजे दूर्वा नव्हेत. सतत कापलेल्या लॉनमध्ये तीन पात्यांच्या जुड्या नीट मिळत नाहीत, तेव्हा कुंपणाकडेचा हातभर तुकडा न कापता, न फवारता राखून ठेवा.

२२. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर येतो. तरी लॉन करावं का?

माण, खटाव, जत, आटपाडी या भागातून हा प्रश्न येतो आणि आम्ही स्पष्ट सांगतो: नवीन लॉन करू नका. प्रश्न ९ मधला हिशेब शेजारच्या घागरींशेजारी मांडून बघा. अंगण हिरवं हवं असेल तर दाराशी पाच-पंधरा चौरस फुटांचा हरळीचा तुकडा करा, जो भांड्यांच्या बिनमीठ-तेलाच्या विसळणीवर जगेल, आणि बाकी जागेत मुरूम, कडुनिंब, जास्वंद. आधीपासून जम बसलेलं हरळीचं लॉन असेल तर उन्हाळ्यात ते पिवळं पडू द्या. दोन-तीन आठवड्यांनी एकदा थोडं पाणी मिळालं तरी खालची खोडं जिवंत राहतात आणि वळवाबरोबर हिरवी होतात. कापणी आणि खत तेवढा काळ बंद.

२३. पुराचं पाणी लॉनवरून गेलं. सगळं काढून टाकायचं का?

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरांनंतर सांगलीतून हा प्रश्न सतत येतो. लगेच काढू नका. पाणी किती दिवस होतं आणि गाळ किती बसला यावर सगळं अवलंबून आहे. जम बसलेली हरळी काही दिवस पाण्याखाली तगते. महिन्याच्या आतलं लॉन मात्र तरंगून जातं किंवा कुजतं.

पुराच्या पाण्यात गटाराचं पाणी मिसळलेलं असतं, म्हणून गमबूट आणि हातमोजे घातल्याशिवाय उतरू नका, पायाला जखम असेल तर उतरूच नका. गाळ वाळून कडक व्हायच्या आत फळीने ओढून काढा आणि उरलेला पाइपच्या हलक्या धारेने धुवा. अर्ध्या इंचाच्या आतला थर गवत फोडून वर येतं, इंचाच्या वरचा थर त्याला गुदमरवतो. खत लगेच नको. जमीन वाफशावर आली, म्हणजे ओल राहून चिखल गेला, की काटेरी फावड्याने भोकं पाडा आणि दोन-तीन आठवडे वाट बघा. खोड नखाने खरवडून आत पांढरं-हिरवं दिसलं तर ते जिवंत आहे. जिथे कोंभ येणार नाहीत तेवढाच भाग बदला, पण त्याआधी तिथला गाळ खालच्या मातीत खोल मिसळून घ्या, नाहीतर प्रश्न ४ मधला दोन थरांचा त्रास पुन्हा सुरू होईल.